जपानचा घरजावई

“मंग सख्खा पोरगा कुठं जातो?” काकासाहेबांनी विचारलं.

“कुठं न्हाई जात, बाबा. नोकरी करतो.” अर्पिताने लॅपटॉपवरची नजर काढली नाही. “पोरगा धंद्याच्या कामाचा नसला, की जपानात काही घरं कर्तबगार जावई आणतात. त्याला रीतसर दत्तक घेतात. तो सासऱ्याचं आडनाव लावतो, दुकान-कारखाना तोच बघतो. मुकोयोशी म्हणतात त्याला.”

“आपल्याकडं घरजावई म्हणून हसतात,” तिची आई दैवशालाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

“तिथं आजबी चालतं. त्याच्यावरच तर माझा प्रबंध हाय.”

अर्पिता पुण्याला विद्यापीठात आजच्या जपानी समाजाचा आणि संस्कृतीचा अभ्यास करत होती. प्रबंध लिहायला महिनाभर घरी आली होती. या शिक्षणाचा उपयोग काय, हे काकासाहेबांना दोन वर्षं कळलं नव्हतं. आज कळलं.

अंबडजवळ त्यांची मोसंबीची रोपवाटिका होती. तीस वर्षं राबून उभी केलेली. अंगद सव्वीस वर्षांचा, एकुलता मुलगा. कलमाचा डोळा बांधायला हात चांगला. त्याची कलमं सहसा मरत नसत. पण गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचा नाही. “आमचं पात्र गिऱ्हाईक बघून पळतंय,” असं काकासाहेब चारचौघांत सांगत. लोक हसत. अंगद ऐकून घेई.

अर्पितासाठी असाच हुशार जावई आणायचा आणि रोपवाटिका त्याच्या हाती द्यायची, असं काकासाहेबांनी ठरवलं. घरात कुणाला बोलले नाहीत. बायको रडली असती, अर्पिता भांडली असती. आणि अंगद? मुक्या माणसाचं काही सांगता येत नाही.

चार दिवसांनी ते पाण्याची नळी गुंडाळत होते. पलीकडे अंगद बहिणीशी बोलत होता.

“ताई, त्या जपानच्या जावयाला बापाची सही लागती का?”

“सज्ञान माणसाला कशाला लागंल? तुला काय करायचंय?”

“काय न्हाई. इचारून राह्यलो.”

काकासाहेबांच्या हातातली नळी सुटली. पोराला वास लागला होता.

मंगळवारी अंगद इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

“कुठं?”

“जालन्याला. काम हाय.”

“कसलं?”

“हाय जरा.”

वकिलाकडेच चालला असणार. वाटणी मागेल, कोर्टात ओढेल. दिवसभर त्यांनी एकही डोळा नीट बांधला नाही. संध्याकाळी अंगद परतला तो शीळ घालत. वकील ठरला असणार, हे काकासाहेबांनी ओळखलं. आता जल्दी करायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते राजूरला सर्जेरावांकडे गेले. सर्जेराव तालुक्यातालुक्यांत स्थळं जुळवत.

“या, या! तुम्ही येणार हे ठावंच व्हतं,” सर्जेराव म्हणाले. “पर इतक्या जल्दी याल असं न्हाई वाटलं.”

काकासाहेब चपापले. मग हळूच म्हणाले, “अर्पितासाठी बघायचंय. पर पोरगा घरी राहणारा पाहिजे. कलमं जाणणारा.”

“घरजावई? अवघड हाय. नाव काढलं की पोरं पळतात.” सर्जेरावांनी चहा पुढे सरकवला. “तयार असा एकच व्हता. आपल्या पायानं आला. म्हणला, सासऱ्याचं आडनावबी लावतो, फकस्त तिथं मला कुणी हसू नये. काल जालन्यात बैठक झाली, पक्कं झालं. बदनापूरची रोपवाटिका, एकुलती पोरगी. पोराचा हात बघून सासरा बिलकुल खूश.”

“काय बाप असंल त्याचा!” काकासाहेब चुकचुकले. “असलं पोरगं हातचं घालवलं. कोणत्या गावचा?”

सर्जेरावांचा पेला ओठाशीच थांबला.

“चेष्टा करता काय, काकासाहेब? अंगदच्या जागी माणूस पाहिजे म्हणूनच आलात न्हवं?”