गुरगुरणारी छाती

"जेवले की ह्यांची छाती गुरगुरते," बायको म्हणाली. दोन वर्षांत हे वाक्य तिने इतक्यांदा सांगितलं होतं, की तिला स्वतःलाच त्याचा वीट आला होता. तपासणीच्या टेबलावर तिचा नवरा, गवंडी, वाकून बसला होता. आज त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

दोन वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला. बरगड्या मोडल्या, जुळल्या, आणि मग हे सुरू झालं. तळमजल्यावरचे छातीवाले म्हणाले, गुरगुरतं ते पोट, वर जा. वरच्या पोटवाल्यांनी पोट दाबून पाहिलं. तिथे सगळं शांत! म्हणजे छातीच, खाली जा. बिचारा धापा टाकत चढायचा आणि धापा टाकत उतरायचा. एकदा तो जिन्यातच चक्कर येऊन पडला. तर जिना कोणत्या विभागाचा, यावर अर्धा तास खल झाला.

आज नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि चमकल्याच. "अहो, इथे तर जठर बोलतंय!" त्या स्वतः सोबत गेल्या आणि एक्स-रे मशीनपाशीच नुकताच धुतलेला ओला फोटो हातात घेतला. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटला होता. जठर त्यातून वर चढलं होतं आणि त्याला पीळ बसला होता.

"आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घ्या!"

"वाचतील ना हो?" बायकोने त्यांचा हातच धरला.

"वाचवणार, ताई. पण तासभर उशीर झाला असता, तर हातचे गेले असते काका."

स्ट्रेचर गेला. बायको रडत त्याच्यामागे धावली. डॉक्टरीणबाईंचा मात्र पारा चढला. दोन वर्षं कोणालाच कसं दिसलं नाही? त्यांनी जुने फोटो मागवले.

एक्स-रे विभागाचा जुना कारकून दोन पाकिटं घेऊन आला. एकात छातीचा तुकडा, दुसऱ्यात पोटाचा. दोन्ही कात्रीने नीट कापलेले. ज्याचा भाग त्याच्या फायलीत. बाईंनी ते उजेडात धरून जुळवून पाहिले. जुळेनात. मध्ये चार बोटं जागा राहत होती.

"मधला भाग कुठाय?"

"ती पट्टी दोन्ही विभाग परत पाठवायचे, आमची नाही म्हणून," कारकून म्हणाला. "आता सतरा वर्षं झाली मॅडम, आम्ही ती सगळ्याच पेशंटची फेकून देतो."