तीन सेकंद

कळमनुरीजवळच्या एका देवीच्या देवस्थानात दोन याद्या ताडून पाहणारा एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, तीन तास घ्यायचा. नवरात्राच्या उपासात खपून तिथल्या कार्यालयात काम करणाऱ्या अपर्णाने तो तीन सेकंदांवर आणला, पण अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी दहाला विश्वस्त विष्णुपंतांनी दोन याद्या दिल्या. "बाराच्या कुंकुमार्चनाच्या यादीतून ह्या दुसरीतली नावं काढून टाक, पोरी."

"दुसरी कोणाची, काका?"

"विधवांची. त्या काहून पाहिजेत देवीपुढं?"

तीन सेकंदांत चाळीस नावं तांबडी झाली. पहिलंच, तीस वर्षं देवीचा हार गुंफणाऱ्या गंगूताईंचं. अपर्णाला शिसारी आली.

अकराला विष्णुपंत डोकावले. "झालं का गं?"



"चालूच आहे, काका," दहालाच परत लावलेला जुना मॅक्रो दाखवत ती हळूच म्हणाली, "एक तरी वाजेल."