घराचा होकार

फळीवरच्या नेटवर्कच्या डबीत टक्‌ आवाज झाला आणि शांत घरात नवा नियम लागू झाला. शंभरातल्या पंचाण्णव घरांनी होकार दिला होता. आता गेलेल्या माणसांचे आवाज नेटवर्क कुठल्याच घरात पोचवणार नव्हतं.

समोरच्या कर्णिककाकू परवाच म्हणाल्या होत्या, "शर्वरी, जुना नियम धरून बसलीस तर तुझं घर नेटवर्कमधून तुटून एकटं पडेल. ना शाळा, ना दवाखाना. पोरीला काय नुसता आवाज पाजणार आहेस?"

शर्वरीने रेवूपुढे दुधाचा पेला ठेवला. रोज या वेळी रेवूचे गेलेले बाबा डबीतून म्हणायचे, "रेवूताई, दुधाची मिशी दाखवा पाहू!" आज रेवू डबीकडेच बघत राहिली. दुधावर साय धरली.

"आई, आपल्या घरानंही हो म्हटलं होतं का गं?"