सुभेदारांचं पदक

पिंडाशेजारी फितीने टांगलेलं पदक वाऱ्याने हललं की उन्हात चमकायचं, आणि कावळा दर वेळी दोन पावलं मागे सरायचा. होळकरांच्या फौजेत नाव काढलेल्या, घरच्यांवर जीव टाकणाऱ्या, बडा गणपतीजवळचं वाचनालय एकहाती चालवणाऱ्या सुभेदार आठल्यांचा तो दहावा होता. वाचनालय चालू ठेवू, आईला जपू, सगळी वचनं देऊन झाली, तरी कावळा शिवेना. शेवटी टांगा पाठवून लेकीला, कुमुदिनीला, घाटावर आणलं.

"बाबांचा जीव तुझ्यात अडकलाय," भाऊ म्हणाला. "त्या दिघे मास्तरांना डोक्यातून काढ. लग्न करणार नाही, आईजवळच राहीन, एवढं म्हण."

"म्हणून टाक ना बेटा," काका म्हणाले, "लोकांना दुकानं उघडायचीयत."

तिच्या लग्नाचं सुभेदार अकरा वर्षं 'पुढच्या साली बघू' म्हणत आले होते.

कुमुदिनीने कावळ्याकडे पाहिलं, पदकाकडे पाहिलं. नमस्काराला वाकताना तिने पदक काढून पदराखाली घेतलं आणि चार पावलं मागे आली.

 

"बाबा, मी दिघे मास्तरांशी लग्न करतेय." कावळा टुणकन पुढे आला आणि पिंडाला शिवला.