हेतलचं पहिलं वाक्य

पर्वत पाटिया या वस्तीतल्या दवाखान्यात मृणाल सकाळपासून मुलांना बोलतं करून करून थकली होती. शेवटी आली चार वर्षांची हेतल. बालवाडीत ती तोंडच उघडत नाही, म्हणून बाईंनी तिला तपासून घ्यायला सांगितलं होतं. मुलीचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून तिला भाषा कितपत आली आहे ते ठरवायचं, हे मृणालचं काम. पण दोन खेपा झाल्या तरी रेकॉर्डिंगमध्ये आवाज होता तो फक्त मृणालचाच.

"घरी तरी बोलते का हो?" मृणालने विचारलं.

"नाही मॅडम, घरीपण गप्पच असते," हेतलची आई सोनाली एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली. "आम्ही तर घरात शुद्धच बोलतो." तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला आणि ती बाहेर गेली.

मृणालने पुन्हा चित्रं दाखवली, खेळातला चहा पाजला, बाहुली दिली. हेतल नुसती बघत राहिली. अखेर मृणालने हात टेकले. 'भाषाविकासात विलंब' असं अहवालात लिहून टाकायचं मनाशी ठरवून तिने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. रेकॉर्डर बंद करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मग हळूच आवाज आला. हेतल बाहुलीला मांडीवर घेऊन, खोलीकडे बोट दाखवत अस्सल अहिराणीत दटावत होती,



"चूप बैस! आठे आपलं बोलानं नही, लोके हासतस."