बादलीभर समुद्र

खाऱ्या पाण्याची ती टाकी जेमतेम बादलीभर पाण्याची होती. दुकानदाराने आधीच बजावलं, "काका, यात एकच जीव सुखाने राहील. नीट बघून निवडा."

काकांना सगळ्यात झगझगीत रंगाचा मासा हवा होता. वर्षभरात काकूंची दृष्टी पूर्ण जाणार, हे डॉक्टरांनी त्यांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. महिना उलटला तरी काकूंना ते सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती. दृष्टी जाण्याआधी तिने डोळे भरून रंग बघावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"हा पिवळाधमक बघ. नाहीतर तो केशरी पट्ट्यांचा!"

काकू मात्र कोपऱ्यातल्या एका मातकट कोळंबीपाशी थांबल्या होत्या. "ही मघापासून टकटक कसली करतेय?"

"नांगी फटकन मिटते ना, त्याचा आवाज. शेजारच्या खोलीतही ऐकू येतो," दुकानदार म्हणाला.

"मग हीच द्या."

"अगं, हिला काही रंग तरी आहे का?" काका वैतागले.

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.


"रंग मला वर्षभरच दिसतील हो. हिचा आवाज त्यानंतरही येत राहील."