गुरुवारी एक वाजता

"गफ्फारभाई पार खचला म्हणते," सत्यशीला भाकरी थापता थापता म्हणाली. "उद्या एक वाजता जग बुडणार म्हणून सकाळपासून रडून राह्यला. त्याची घरवाली सुग्राबीच सांगत होती."

नागोरावला हसू आलं. "गफ्फार? तो आपल्या लग्नात नाही रडला, माझी वरात पाहून."

"हसा तुम्ही. घोटभर पाणी नाही घेतलं माणसानं."

"रोजे चालू आहेत, कसं घेईन?"

"रोज्यात कधी इतका सुकला होता काय?"

नागोरावनं कुंपणभिंतीवरून हळूच पलीकडं डोकावून पाहिलं. गफ्फारची बाज अंगणात रिकामी होती.

"आत पडला असन," सत्यशीला म्हणाली.

दोन हजार आठ साल तसं बातम्यांचंच होतं. बीजिंगला भारताच्या नेमबाजानं सोनं मारलं, अमेरिकेत निवडणुकीचा धुरळा उडाला होता, आणि आता परदेशात जमिनीखाली शास्त्रज्ञांची एक अजस्र मशीन सुरू होणार होती. तिच्यामुळे भगदाड पडून पृथ्वी गडप होणार, असं हिंदी चॅनेलवाल्यांनी सांगून टाकलं. नेमकी त्याच आठवड्यात बोरी अरबची विजेची डीपी जळाली आणि गावातले टीव्ही बंद पडले. बातमी मग तोंडातोंडी वाढली. कोणी बुधवार म्हणे, कोणी गुरुवार. सत्यशीलेनं गुरुवार ठरवला होता, आणि त्या घरात शेवटचा शब्द तिचा असे.

नागोरावचा असल्या भाकडकथांवर काडीचा विश्वास नव्हता. त्याला चिंता होती जीपची. कापसानं त्या वर्षांत कोणालाच हात दिला नाही, घर चालायचं ते बोरी-दारव्हा जीपवर. ती सोमवारपासून अंगणात मेल्यासारखी उभी होती.

भिंतीपलीकडं पंचक्रोशीतला सर्वांत चांगला मिस्त्री राहत होता, आणि त्यालाच हाक मारायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी घाईघाईत नागोरावनं जीप दारव्ह्याच्या दुसऱ्या मिस्त्रीकडं लावली. जिचा एकेक नट गफ्फारनं कसलेला, ती गाडी परक्याच्या हातात. गफ्फार भांडला नाही. फक्त बोलायचा थांबला. चूक आपली, हे नागोरावला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण कबूल करायला जीभ रेटेना. खरं तर जीपपेक्षा गफ्फारचं न बोलणं त्याला जास्त लागायचं.

गुरुवारी सकाळभर तो अंगणात येरझारा घालत राहिला. बिचारा गफ्फार. जग काही बुडणार नाही, पण त्या भीतीत तो एकटा कसा राहील? शेवटी नागोराव भिंतीजवळ गेला आणि खाकरला.

"गफ्फार. इकडं येतं काय?"

हाक संपायच्या आत गफ्फार फाटकात उभा होता. काखेत पान्यांची पिशवी.

"जग बुडायच्या दिवशी पाने कायले आणले?" नागोरावनं विचारलं.

"हातात लोखंड असलं की भेव कमी वाटते."

नागोरावला भडभडून आलं. "माह्यं चुकलं गफ्फार. गाडी तिकडं लावायची नव्हती."

"जाऊ दे. बॉनेट उघड. दोन महिने झाले, तुह्या गाडीचा खोकला भिंतीतून ऐकून राह्यलो."

डिझेल ओढणारा पंप गेला होता. गफ्फारनं पिशवीतून दुसरा काढला. घरात जुना पडला होता, म्हणाला. जुना असूनही तो लख्ख चमकत होता. मिस्त्री माणूस वस्तू जपतो, नागोरावला कौतुक वाटलं.

एक वाजला तेव्हा दोघं जीपखाली होते. नागोरावनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भिऊ नको. मी आहो."

"तू आहेस तर कायचं भेव," गफ्फार म्हणाला आणि तोंड पलीकडं वळवलं. त्याचे खांदे हलत होते. नागोरावनं ते रडणं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

जग राहिलं. जीप सुरू झाली. संध्याकाळी सुग्राबीनं भिंतीवरून खजूर आणि भज्यांचं ताट दिलं, आणि दोघा मित्रांनी एकाच बाजेवर बसून ते रिकामं केलं. भिंतीशी दोघी बायका कशावरून तरी फिदीफिदी हसत होत्या.

शुक्रवारी नागोराव जीप भरून दारव्ह्याला गेला. गफ्फारनं पंपाचे पैसे घेतले नव्हते, म्हणून त्याला नवा पंप नेऊन द्यावा, असं मनात होतं. स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावरचा पोरगा अब्रार टीव्ही पाहत बसला होता. नागोरावनं त्याला सगळी हकीकत रंगवून सांगितली. घाबरलेल्या दोस्ताला आपण कसा धीर दिला, तेही सांगितलं.

अब्रार ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, ते मशीन तर बुधवारी दुपारीच सुरू झालं. गफ्फारचाचांनी संध्याकाळी इथंच त्याची बातमी पाहत रोजा सोडला, आन् तुमच्या जीपसाठी नवा पंप बांधून नेला."